कॉपर फॉइलवरच्या ग्राफिनमध्ये समांतर पट्टे येत असतील तर (माझा अनुभव)

नागपुरात आमच्या लॅबमध्ये सीव्हीडीने (गरम भट्टीत वायूपासून थर जमवायची पद्धत) ग्राफिन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) वाढवून राहिलो होतो, २५ मायक्रॉनची कॉपर फॉइल, मिथेन-हायड्रोजन, तापमान १००० अंशांच्या आसपास. फिल्मवर एकाच दिशेने पट्टे यायचे आणि तिथे रामनमध्ये (लेझर टाकून थर तपासायची चाचणी) २डी नावाचा पीक जी नावाच्या पीकपेक्षा बुटका, म्हणजे एका थराच्या जागी जास्त थर. मिथेन कमी केला, तापमान वाढवलं, अ‍ॅनिलिंग (वाढीआधी फॉइल भट्टीत तापवत ठेवणं) लांबवलं, काही फरक नाही. डोकं पार उठलं होतं बे.

पट्टे बरोबर फॉइलच्या रोलिंगच्या (कारखान्यात लाटण्याच्या) दिशेने होते, लाटताना पडलेल्या खाचांमध्येच न्यूक्लिएशन (ग्राफिन जमायची सुरुवात) दाट होतं. मग असं केलं: अ‍ॅसिटोन, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग पातळ नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये थोडे सेकंद (काही फॉइलवर गंजरोधक क्रोमियमचा थर असतो, तो निघतो), डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याने धुतलं. नंतर ८५ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडमध्ये इलेक्ट्रोपॉलिश (विजेने पृष्ठभाग गुळगुळीत करणं), फॉइल पॉझिटिव्हला, दुसरा तांब्याचा पत्रा निगेटिव्हला, व्होल्टेज हळूहळू वाढवायचं आणि करंट जिथे स्थिर होतो तिथेच थांबायचं, आमच्याकडे दीड-दोन व्होल्टच्या मधात. फॉइलवरून बुडबुडे सुटले तर व्होल्टेज जास्त झालं समजा, खड्डे पडतात. बाहेर काढल्यावर लगेच भरपूर डीआय पाणी, अ‍ॅसिड वाळलं की डाग राहतात, मग आयपीए, नायट्रोजनने सुकवून सरळ भट्टीत, पावसाळ्यात तर अजिबात बाहेर ठेवू नका. हायड्रोजनमध्ये अर्धा तास अ‍ॅनिल, त्यानंतरच मिथेन.

पट्टे गेले, २डी आता जी च्या दुपटीहून उंच. रामनच्या मशीनवर आपला नंबर लागेपर्यंत तुकडा हॉटप्लेटवर २०० अंशांना थोडी मिनिटं ठेवून बघा, उघडं तांबं लालसर होतं, ग्राफिनखालचं होत नाही.