सोसायटीत सोलर पास करून घ्यायचंय?

एजीएममध्ये (सोसायटीच्या वार्षिक सभेत) सोलरचं प्रेझेंटेशन द्यायचं असेल तर पॅनलच्या टेक्नॉलॉजीपासून अजिबात सुरुवात करू नका, पहिल्याच स्लाइडवर कॉमन मीटरची वर्षभराची बिलं टाका, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपावर किती जातात ते लोकांना दिसू दे. मग हिशोब: १ किलोवॅटच्या पॅनलला दिवसाला साधारण ४ युनिट वीज, पीएम सूर्यघर या केंद्राच्या रूफटॉप सोलर योजनेत हाउसिंग सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी. आणि हो, टॉप फ्लोअरवाल्यांना मीटिंगच्या आधीच घरी जाऊन भेटा, त्यांना खरी भीती गच्चीच्या लीकेजची असते, ती अगदी रास्त आहे, म्हणून स्ट्रक्चर कसं बसवणार आणि वॉटरप्रूफिंगची जबाबदारी कोणाची हे व्हेंडरकडून लेखीच घ्या. शेवटच्या स्लाइडवर थेट ठरावाचा मजकूर, सूचक-अनुमोदक आधीच ठरवलेले.