रेकॉर्ड धुताना बोअरचं पाणी नको

माळ्यावरची ग्रामोफोनची रेकॉर्ड बोअरच्या पाण्यानं धुतली की खाचांत पांढरे क्षार बसतात आणि गाण्यातली कटकट जात नाही. त्यापेक्षा इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. कॅन ॲसिडचा नाही ना, तेवढं वाचून घ्या.

१. पाव लिटर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोनच थेंब.
२. मायक्रोफायबर कापडानं खाचांच्या दिशेनं गोल पुसा. सुती कापडाचे तंतू खाचांत अडकतात. लेबल कोरडं ठेवा.
३. साध्या डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा धुवा. राहिलेला साबण सुईला चिकटतो.
४. सावलीत उभी वाळवा. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवली तर ती वाकलीच समजा.

७८ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, लाखेची तबकडी असेल तर तिला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.