कॅम्पर घेऊन लांबच्या प्रवासातून परतलात? दुरुस्तीला हात घालण्याआधी या चुका टाळा

फेब्रुवारीत पुण्याहून निघालो, कोकण-गोवा करत कारवारपर्यंत किनारा धरला, मग राजस्थानातून वर हिमाचलातल्या किन्नौर-स्पितीला गेलो आणि सप्टेंबरअखेर माळशेज घाटातला पाऊस झेलत घरी आलो. गाडी आमची फोर्स ट्रॅव्हलर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेली व्हॅन, आतलं सगळं काम आम्ही नवरा-बायकोनं एका सुताराला हाताशी धरून केलेलं. घरी आल्यावर दुरुस्तीची यादी करायला बसलो ती ४१ ओळींवर थांबली. पुढचे तीन महिने ती यादी पुरली, आणि त्यातली बरीच कामं मला दोनदा करावी लागली. कारण प्रत्येक वेळी तेच होतं. त्रास जिथं दिसत होता तिथंच मी दुरुस्ती करत होतो आणि मूळ दोष मात्र दोन हात लांब बसलेला असायचा.

आल्याआल्या गाडी धुणं

आठ महिन्यांची धूळ, ओघळ आणि डाग हेच तुमचे पुरावे असतात, ते आधी वाचून घ्या. स्पितीची धूळ पिठासारखी बारीक असते. आमच्या गादीखालच्या फळीवर ती मागच्या दाराच्या डाव्या कोपऱ्यातून पंख्यासारखी पसरली होती. त्या पंख्याच्या टोकाशी पाहिलं तर दाराचं रबरी सील सहा इंच सुटलेलं. जिथून धूळ येते तिथून पाणीही येतं. ओल्या फडक्यानं पुसून काढली असती तर ही खूण पुन्हा सापडली नसती.

असंच बाकीचंही बघा. प्लायला एखाद्या ठिकाणी चकाकी आली असेल तर तिथं काहीतरी घासतंय. अॅल्युमिनियमच्या रिव्हेटभोवती करडी भुकटी दिसली तर ती रिव्हेट सैल झाली आहे. आम्ही प्रत्येक खुणेवर मास्किंग टेप चिकटवून आकडा लिहिला, फोटो काढले आणि मगच बादली घेतली.

गाडीच्या पोटाला मात्र हा थांबण्याचा नियम लावू नका. समुद्रकाठी राहिला असाल तर चेसिस, चाकांच्या कमानी आणि दारांच्या तळाची पाण्याची भोकं गोड्या पाण्यानं लगेच धुवा. खरं तर किनाऱ्यावर असतानाच दर आठवड्याला धुवायला हवं होतं. आणि गंजावरून थेट काळं अंडरकोटिंग मारून घेऊ नका. ओल आत कोंडते आणि पत्रा कोटिंगखाली गुपचूप खात राहते. आधी तारेच्या ब्रशनं घासून धातू उघडा करा, प्रायमर द्या, मग कोटिंग.

पाणी टपकतं तिथं सिलिकॉन फासणं

आमच्या पलंगावरच्या लाइटमधून पाणी टपकायचं. लाइटच्या सगळ्यात जवळचं भोक म्हणजे छतावरचा पंखा, म्हणून प्रवासात तीन वेळा मी पंख्याभोवती सिलिकॉन लावलं. तिन्ही वेळा पुढच्या पावसात थेंब हजर.

घरी आल्यावर नीट चाचणी घेतली. लाइट उतरवून ठेवला, आसपासची फळी काढली, पत्रा कोरडा करून टिश्यू पेपर चिकटवले. बायको आत टॉर्च घेऊन बसली. मी शिडीवर, हातात बागेचा पाइप, धार अगदी बारीक. सुरुवात सर्वांत खालच्या जोडापासून केली, कारण वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. एका ठिकाणी दहा मिनिटं धरायचं, मगच पुढं सरकायचं. पंख्याभोवती दहा मिनिटं झाली, आत कोरडं ठणठणीत. मग पुढच्या सोलर पॅनलच्या ब्रॅकेटवर धार धरली. चार मिनिटांनी आतून हाक आली, "अहो, थांबा! आलं पाणी!"

"कुठून येतंय?"

"वायरीवरून. वायर धरून येतंय, बघा इथं."

ब्रॅकेट लाइटच्या दीड मीटर पुढं होतं. तिथल्या बोल्टच्या भोकातून शिरलेलं पाणी छताच्या बरगडीतून वाहत येऊन वायरीला भेटत होतं आणि वायरीच्या लोंबत्या टोकाशी थेंब बनून पडत होतं. बोल्ट उघडला तर गोल पाडलेलं भोक लांबट झालेलं. बोल्टखाली आतून पट्टी दिलेली नव्हती, त्यामुळं खडबडीत रस्त्यावर पॅनलचा सगळा धक्का पातळ पत्र्याच्या कडेवर येत राहिला.

दुरुस्ती अशी केली. चारही ब्रॅकेट उतरवले. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पातीनं खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं. जुन्या सिलिकॉनवर दुसरं काही नीट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही, त्यामुळं थरावर थर चढवण्यात अर्थ नसतो. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज लावतं. भोकाच्या कापलेल्या कडांना प्रायमर दिला, ब्रॅकेटखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घातली, आतून रुंद पट्टी देऊन नायलॉक नट (हादऱ्यांनी सैल न होणारे) आवळले, वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. तीन दिवस वाळू दिलं आणि पुन्हा पाइप धरला. वॉशिंग सेंटरच्या जोरदार धारेखाली ही चाचणी घेऊ नका. ती धार पाऊस कधीच शिरणार नाही अशा फटीतही पाणी घुसवते, आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता.

प्रत्येक वेळी बॅटरीला दोष देणं

फ्रिज रात्री दोन-तीन वाजता बंद पडायचा. मीटरवर बॅटरी भरलेली दिसायची. दुसरी लिथियम बॅटरी घ्यायची असं जवळजवळ ठरलं होतं. सुदैवानं आधी मल्टिमीटर लावला, आणि कॉम्प्रेसर चालू असताना लावला. हा मुद्दा मोठा आहे. लोड नसताना कुठलीही कुजकी वायर पूर्ण व्होल्टेज दाखवते.

बॅटरीच्या टर्मिनलवर १२.९ व्होल्ट, फ्रिजच्या पिनांवर ११.८. मधले १.१ व्होल्ट वाटेत जिरत होते, म्हणून कमी व्होल्टेज मिळून फ्रिज बंद पडत होता. हिशोब सोपा आहे. बॅटरीपासून फ्रिज ५ मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. आमची वायर १.५ चौरस मिलिमीटरची, तिचा रोध साधारण ०.१२ ओहम. फ्रिज ५ अँपिअर ओढतो, म्हणजे ०.६ व्होल्ट वायरीतच गेले. ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली की हाच आकडा ०.१५ वर येतो. उरलेला अर्धा व्होल्ट फ्यूज होल्डरमध्ये जात होता. कोकणच्या खाऱ्या हवेनं त्याच्या आतल्या धातूच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. वायर आणि होल्डर बदलले, फ्रिज रात्रभर चालू लागला. बॅटरी तीच आहे.

घरच्या फिटिंगची एकतारी वायर गाडीत वापरू नका, हादऱ्यांनी ती तुटते. जोडाला नुसतं सोल्डर करून सोडलं तर सोल्डर जिथं संपतं तिथं वायर ताठ होते आणि तिथंच मोडते. योग्य मापाचा लग (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा), तो चांगल्या पकडीनं दाबून केलेलं क्रिम्पिंग आणि वरून गोंदवाली हीट-श्रिंक नळी, एवढं केलं की पुन्हा बघायला लागत नाही.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणं ही चूक तर जिवावर बेतणारी आहे. वाटेत एका इलेक्ट्रिशियननं आमच्या पंपाचा १० अँपिअरचा फ्यूज काढून ३० चा घालून दिला होता, आणि ते मला घरी आल्यावर दिसलं. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो वायरीच्या कुवतीपेक्षा मोठा झाला की फ्यूजच्या आधी वायर पेटते, आणि ती प्लाय आणि फोमच्या मधोमध असते. मुख्य फ्यूजही बॅटरीच्या अगदी जवळ हवा. हिवाळ्यात हिमालयात जाणार असाल तर लिथियम बॅटरीचा बीएमएस (तिच्यावर लक्ष ठेवणारं सर्किट) शून्य अंशाखाली चार्जिंग तोडतो का, ते आधी बघून घ्या.

वजन न करता शॉकअप बदलणं

गाडी मागून डावीकडे कलत होती. मी नवे शॉकअप, म्हणजे शॉक अब्सॉर्बर, घ्यायला निघालो होतो. आमच्या मिस्त्रींनी खाली वाकून एकदा पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, शॉकअपला पैसे घालू नका. पाटे बसलेत. आधी काट्यावर नेऊन वजन करून आणा."

पाटे म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंग-पट्ट्या, त्या दबल्या होत्या. टाकी भरून, सगळं सामान ठेवून, आम्ही दोघं आत बसून वजनकाट्यावर गेलो. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. हे दहा मिनिटांचं काम आम्ही निघण्याआधी करायला हवं होतं. पाण्याची १०० लिटरची टाकी, बॅटरी आणि ओटा, तिन्ही डाव्या बाजूला. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. त्यात पलंग आणि कपाटं १८ मिमी प्लायची, ज्याचा आठ बाय चार फुटांचा एक तक्ता ३५ किलोच्या आसपास भरतो.

पाटा वाढवून गाडी उचलता येते, पण ब्रेक, टायर आणि ॲक्सलची कुवत तेवढीच राहते. म्हणून आधी वजन उतरवलं. कपाटं अॅल्युमिनियमच्या चौकटीवर ९ मिमी प्लायची केली. आठ महिन्यांत ज्याला हात लागला नाही ते सामान कायमचं खाली काढलं. मग पाटे सेट करून घेतले. त्या कामानंतर काही शे किलोमीटर चालवून पाटे ॲक्सलला धरणारे यू-बोल्ट पुन्हा आवळायला विसरू नका.

कपाटांच्या खडखडाटाचंही असंच. सैल स्क्रूच्या भोकात गोंद-भुसा भरून तोच स्क्रू फिरवला तर महिन्यात पुन्हा सैल. गाडीची बॉडी वळणावर पिळते. कपाट जमीन आणि भिंत दोन्हींना ताठ जखडलेलं असेल तर तो पीळ स्क्रूवरच येतो. आम्ही खाली बोल्ट-नायलॉक ठेवले आणि भिंतीकडे रबरी वॉशर घातले. आवाज गेला.

ओल म्हणजे गळतीच, असं धरून चालणं

गळतीचा डाग तपकिरी आणि एका जागेचा असतो. पत्रा सगळीकडे सारखा घामेजलेला असेल तर ते पाणी तुमचंच आहे, श्वासाचं आणि स्वयंपाकाचं. १ किलो एलपीजी जळला की साधारण १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. किन्नौरच्या थंड रात्री आम्ही सगळं बंद करून चहा आणि खिचडी करायचो. ती वाफ भिंतीमागच्या ग्लासवुलमध्ये (काचतंतूंच्या कापसात) जाऊन बसली होती, फळी काढली तेव्हा हातानं पिळता येईल इतकी. ते सगळं काढून बंद छिद्रांचा नायट्राइल फोम थेट पत्र्याला चिकटवला, बरगड्याही झाकल्या. गादीखाली फळीऐवजी पट्ट्या टाकल्या, कारण कोकणात गादीच्या पोटाला बुरशी धरली होती. स्वयंपाक करताना पंखा चालू आणि समोरची एक फट उघडी, हे आता थंडीतही पाळतो.

गॅसबद्दल थोडक्यात, पण कळकळीनं सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. आमच्या त्या भोकावर प्रवासात कधीतरी बुटांची पेटी सरकून बसली होती. सुरक्षा नळीवर छापलेली तारीख बघा, तिची मुदत पाच वर्षं असते. जोड साबणाच्या पाण्यानंच तपासा आणि झोपण्याच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

सुधारणा करताना नवी खिडकी कापायची किंवा सीट हलवायची असेल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीशी बोला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र जुळणार नाही असा बदल करता येत नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानकच आहे.

आमच्या यादीत आता तीन ओळी उरल्यात. मागच्या दाराचं सील यायचंय, पायरीखालचा गंज घासायचाय, आणि पाण्याची टाकी उजवीकडे नेण्यासाठी नवी बैठक वेल्ड करून घ्यायची आहे. ती झाली की टाकी काठोकाठ भरून पुन्हा काट्यावर जाणार.