घरात मतं दोन, अंत्यविधी एक: कसं ठरवायचं

माणूस गेल्यावर घरात जो वाद पेटतो तो देव आहे की नाही यावर क्वचितच असतो. डोळे द्यायचे का, दहाव्याला कोण बसणार, बाबा काहीच मानत नव्हते मग पिंड कशाला, यावरून खटके उडतात. मेल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न त्या तेरा दिवसांत सुटणार नाही आणि तो सोडवायची गरजही नाही. ठरवायचं एवढंच असतं: कोणती गोष्ट कोण करणार, आणि ज्याला ती पटत नाही त्याने निदान आडवं कधी यायचं नाही.

वेळेचं गणित मात्र दोन्ही बाजूंना सारखं नाही. विधी करणाऱ्यांच्या हाताशी दहा-बारा दिवस असतात. नेत्रदान-देहदान हवं असणाऱ्यांकडे मोजून काही तास असतात, आणि तेवढ्यात घरातला एक जण जरी दारात उभा राहून ‘नाही’ म्हणाला तरी आलेले लोक परत जातात. म्हणजे आधी बोलून ठेवायची निकड न मानणाऱ्यांना जास्त. बहुतेक घरांत नेमके तेच ‘मेल्यावर काय करायचं ते करा’ म्हणून मोकळे होतात.

‘देव मानता का?’ हे विचारू नका

या प्रश्नाच्या उत्तरातून काहीच हाती लागत नाही. जोतीराव फुले निर्मिक (सृष्टी निर्माण करणारा) मानत होते, पण निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये भटजी नको म्हणून त्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. सावरकरांनी विद्युतदाहिनीत दहन करा, क्रियाकर्म नको, असं सांगून ठेवलं होतं. तुकोबा तर मोक्षच नाकारतात, संतसंगतीसाठी पुन्हा जन्माला घाला म्हणतात. लिंगायतांत देव आहे, पण श्राद्ध नाही. १९५६ साली नागपुरात आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारताना घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे, तरी बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने पुण्य अर्पण करण्याचा, कार्यक्रम होतोच. आस्तिक आणि नास्तिक असे दोन गठ्ठे करून घर चालत नाही.

विचारायचं ते असं: ‘दहाव्याला पिंड ठेवला नाही तर काय होईल असं तुला वाटतं?’

‘ते मध्येच अडकून राहतील’ असं उत्तर आलं तर ती खरी धास्ती आहे. तिथे वाद घालू नका, विधी होऊ द्या. ‘गावात लोक काय म्हणतील’ असं आलं तर विधीपेक्षा गावाला काय सांगायचं ते ठरवा. घरातल्या ज्येष्ठाने चार जणांना फोन करून ‘त्यांचीच तशी इच्छा होती’ एवढं सांगितलं की निम्मी कुजबुज थांबते. ‘मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय गं’ असं उत्तर असेल तर त्या माणसाला हाताने करायचं काम द्या: रोजचा दिवा, फोटोपुढचं जेवणाचं ताट, शोकसभेची तयारी.

दुसऱ्या बाजूलाही तसंच खोदा. ‘का नको?’ याचं उत्तर ‘बाबांनाच नको होतं’ असेल तर ते वजनदार आहे. ‘मला मंत्र म्हणताना खोटं वाटतं’ असेल तर त्याने बसू नये, एवढ्यावर भागतं. ‘बहिणीला बाजूला ठेवतात’ असेल तर विधी रद्द करण्याऐवजी बहिणीला बसवा; पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीसारख्या ठिकाणी प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियाही पौरोहित्य करतात. नुसता खर्चाचा प्रश्न असेल तर दक्षिणा आणि सामानाची यादी आधी ठरवून घ्या. तत्त्वाच्या नावाखाली पैशाचं भांडण चाललं की ते वर्षश्राद्धापर्यंत संपत नाही.

एक पानी कागद

इच्छा मृत्युपत्रात लिहून ठेवण्याची चूक सर्रास होते. मृत्युपत्र उघडलं जातं ते तेरावं उरकल्यावर. त्यामुळे साधा वेगळा कागद करा, तारीख घाला, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. त्यातला एक साक्षीदार घरातला, आणि शक्यतो विरोध करण्याची शक्यता असलेला घ्या. एक प्रत त्याच्याकडे, एक औषधांच्या फाइलमध्ये, एक फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

कागदावर सात ओळी पुरतात: नेत्रदान, देहदान, दहन (लाकडं की विद्युतदाहिनी), दहावा ते तेरावा, अस्थी, जेवण, आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा. प्रत्येकीपुढे तीनपैकी एक लिहा: हवं, नको, घरच्यांनी ठरवावं. हा तिसरा पर्याय कमी लेखू नका. काहीही न मानणाऱ्या माणसाने दहाव्यापुढे ‘घरच्यांनी ठरवावं’ लिहिलं की आई आणि मुलगा यांच्यातला अर्धा ताण तिथेच जातो.

लिहिलेलं होण्यासारखं आहे का, हे तपासूनच लिहा. आपला देह मिठात पुरावा अशी फुल्यांची इच्छा होती. १८९० मध्ये दफनाला परवानगी मिळाली नाही आणि दहन करावं लागलं. शेतात समाधी, घरामागे दफन असलं काही मनात असेल तर नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला जिवंतपणी विचारा.

पहिले सहा तास

नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. नेत्रपेढीला फोन करा आणि लोक येईपर्यंत एवढं सांभाळा: पापण्या मिटा, त्यावर ओला कापूस किंवा ओल्या कापडाची घडी ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी देऊन डोकं सुमारे सहा इंच उंच ठेवा. पंखा बंद करण्याचं कारण असं की वाऱ्याने बुब्बुळाचा पडदा सुकतो. लोक जमले की कुणीतरी हमखास पंखा लावतं, त्यामुळे बटणाजवळ एकाला उभं करा. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, यांनी सहसा अडत नाही. एचआयव्ही, बी किंवा सी कावीळ, रेबीज, रक्ताचा कर्करोग असेल तर डोळे घेत नाहीत. काम साधारण वीस मिनिटांत होतं आणि चेहरा विद्रूप होत नाही.

देहदानासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात आधी अर्ज भरलेला असला तरी ऐनवेळी नातेवाइकांची संमती लागतेच. शवविच्छेदन झालेला, अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूचा, संसर्गजन्य आजाराचा देह सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान झालेलं चालतं. डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला हवा: रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर फॉर्म ४, घरी झाला असेल तर ४ अ. परदेशातला मुलगा पोहोचायला दीड दिवस लागणार असेल तर नेत्रदान उरकून घ्या आणि देह किती वेळ चालेल ते महाविद्यालयाला विचारून मगच थांबायचं की नाही ते ठरवा.

घरातली आत्या म्हणणार, ‘डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होतो.’ तिला ‘पुढचा जन्म नसतोच’ असं ऐकवणं हा त्या घटकेला सगळ्यात निरुपयोगी मुद्दा. तिच्याच विश्वासातलं बोला: दधीचीने हाडं दिली, शिबीने मांस दिलं, त्यांना कुणी पापी म्हटलं नाही. ‘मग पिंड कसला द्यायचा, देहच नाही’ यालाही शास्त्रात उत्तर आहे. देह सापडत नसेल तर पालाशविधी सांगितलेला आहे. पळसाच्या पानांचे ३६० देठ आणि दर्भ यांची आकृती करून तिचं दहन करतात. म्हणजे देहाविना उत्तरक्रियेची सोय धर्मशास्त्राने आधीच करून ठेवली आहे. देहदानानंतर दहावा करणारे गुरुजीही मिळतात. फोनवर आधीच स्पष्ट विचारा, घाटावर नको.

स्मशानात

विद्युतदाहिनी ठरली तरी मडकं घेऊन प्रदक्षिणा, मुखात पाणी, हे बाहेर करता येतं. फक्त किती वेळ मिळेल ते तिथल्या कर्मचाऱ्याला आधी विचारा. छातीत पेसमेकर असेल तर तो दहनापूर्वी डॉक्टरांकडून काढून घ्यायलाच हवा, उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. मडकं मुलानेच धरलं पाहिजे असं नाही. फुल्यांच्या अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे हेच पुढे धरायचं मडकं, सावित्रीबाईंनी धरलं होतं.

दहावा आणि कावळा

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. पिंड मांडला आहे, जीवखड्यावर (गेलेल्या माणसाचं प्रतीक मानलेला दगड) तिलांजली झाली आहे, पंचवीस माणसं गोल करून उभी आहेत, आणि कावळा झाडावरून खाली येत नाही. पाच मिनिटांत कुणीतरी पुटपुटतं, ‘काहीतरी राहिलंय त्यांचं.’ मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलायला लागतो: धाकट्याचं लग्न करू, वाद मिटवू, ती जमीन ताईच्या नावावर करू. मागे उभा असलेला पुरोगामी जावई हसतो. तिथून पुढची दहा वर्षं दोन्ही घरं बोलत नाहीत.

उपाय साधे आहेत. गर्दी पिंडापासून वीस-पंचवीस पावलं मागे घ्या. कावळा माणसाला बिचकतो. दुपारी घाट पिंडांनी भरलेला असला तर कावळ्यांची पोटंही भरलेली असतात, सकाळची वेळ घ्या. किती वेळ थांबायचं ते आधी ठरवा, अर्धा तास पुष्कळ झाला. तरी नाही आला तर दर्भाचा कावळा करून त्याचा स्पर्श करतात, ही पद्धत रूढच आहे. दोन नियम निघण्यापूर्वी घरीच सांगून ठेवा: दुसऱ्याच्या वतीने कुणी वचन द्यायचं नाही, आणि न मानणाऱ्याने हसायचं नाही. ज्याला हे सोसवणार नाही त्याने घाटावर येऊच नये. तेवढ्यात मृत्यूची नोंद, बँक, पेन्शन यांची कागदपत्रं करावीत. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, आणि कुणीतरी ते काम करावंच लागतं.

बाराव्याचं सपिंडीकरण आस्था असलेल्यांसाठी महत्त्वाचं. प्रेताचा पिंड आधीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात. इथे बसणारा मनापासून बसणारा असावा. धाकटा भाऊ, पुतण्या, मुलगी, जो तयार असेल तो. थोरल्याला जबरदस्तीने पाटावर बसवून काही साधत नाही, अगदी विधीच्या दृष्टीनेही.

पत्रिका, राख, वर्ष

पत्रिकेत ‘कैलासवासी’ की ‘स्मृतिशेष’ यावर वेळ घालवू नका, ‘दिवंगत’ लिहा. तेराव्याचं गोडाचं जेवण आणि शोकसभा एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये ठेवू नका. एकीकडे जिलेबी आणि एकीकडे ‘कर्मकांडावर प्रहार’ असं भाषण, दोघांनाही अवघड होतं.

अस्थींचे दोन भाग करायला काहीच हरकत नाही: एक नदीला, एक झाडाला. झाडाला देताना राख जशीच्या तशी मुळाशी ओतू नका. ती क्षारयुक्त असते, रोप जळतं. भरपूर माती आणि शेणखतात थोडी-थोडी मिसळून मोठ्या खड्ड्यात पसरा.

वर्षश्राद्धाचा तिढा पंचांगच सोडवतं. मानणारे तिथी धरतात, न मानणारे तारीख, आणि दोन्ही बहुधा वेगवेगळ्या दिवशी येतात. तिथीला आईकडे श्राद्धाचं जेवण, तारखेला रक्तदान किंवा शाळेला पुस्तकं. कोण कुठे येणार नाही, ते महिनाभर आधी सांगून टाका, म्हणजे स्वयंपाकाचा अंदाज चुकत नाही.