ताडोबा आणि नागपूरची गट-सहल: आधी गेट, मग खोली

दहा-बारा जणांनी ताडोबा आणि नागपूर अशी चार दिवसांची सहल ठरवली, की पहिला फोन जातो रिसॉर्टला. खोल्या मिळतात, आगाऊ पैसे भरले जातात आणि मग कळतं की रिसॉर्टजवळच्या जंगलाच्या गेटची सफारी केव्हाच भरली आहे. म्हणून क्रम असा ठेवा: आधी वार, मग गेट, मग सफारीचा परवाना, त्यानंतर खोल्या आणि शेवटी रेल्वे. रेल्वेचं आरक्षण तसंही साठ दिवस आधी उघडतं. सफारीच्या जागा सगळ्यांत कमी असतात, त्यामुळे बाकी सगळं त्यांच्यामागून यायला हवं.

वारापासून सुरुवात करा. ताडोबा दर मंगळवारी बंद असतं आणि नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, सोमवारी. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी सफारीचे दर चढे असतात. हे तिन्ही सांभाळायचं तर बुधवारी दुपारपर्यंत जंगलाजवळ पोहोचा, गुरुवारी सकाळ-दुपार दोन सफारी घ्या, शुक्रवारी सकाळी तिसरी, जेवून नागपूर गाठा, शनिवारी शहर बघा आणि रात्रीची गाडी पकडा. बुधवारी दुपारची सफारी मात्र घेऊ नका. रेल्वे दोन तास उशिरा आली तरी ती सफारी हातची जाते आणि पैसे परत येत नाहीत. शहर शेवटी ठेवण्याचंही कारण हेच. नागपुरातला एखादा थांबा गळला तर कुणाचं फारसं बिघडत नाही.

ऋतूचं गणित थोडक्यात. 1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं, त्या काळात फक्त बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलपट्ट्यात, आणि तेही पावसाने रस्ता ठेवला तर जाता येतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल हिरवंगार असतं, पण गवत उंच असल्यामुळे दहा फुटांवरचं जनावरही दिसत नाही. मार्चपासून पाणवठे आटू लागतात आणि वाघ उरलेल्या पाण्याशी सापडण्याची शक्यता वाढते. त्याची किंमत म्हणजे चंद्रपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. साठीच्या वरची माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पूर्वार्ध बरा.

तारखा ठरवताना नागपूरच्या दोन गोष्टी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाहीत. विजयादशमीच्या आसपास दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय येतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली, त्याचा तो सोहळा असतो. त्यासाठीच जाणार असाल तर वेगळी तयारी करा, पण सहलीतला एक थांबा म्हणून त्या दिवसांत जाऊ नका. दुसरी गोष्ट विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाची. ते साधारण डिसेंबरात असतं आणि तेव्हा चांगल्या हॉटेलांच्या खोल्या, भाड्याच्या गाड्या सगळंच दुर्मीळ होतं. वर मोर्चांमुळे सीताबर्डीच्या बाजूचे रस्ते कधी बंद होतील याचा नेम नाही.

आता माणसांची मोजणी. एका जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाइड. बारा किंवा अठरा जणांचा गट सगळ्यांत स्वस्त पडतो. तेरावा माणूस आला की तिसरी जिप्सी आली आणि तिचा खर्च सगळ्यांवर चढला. म्हणून ‘येतो बहुतेक’ म्हणणाऱ्यांकडून परवाना काढण्याआधीच पैसे घ्या. परवान्यावर नावं छापलेली असतात. ऐनवेळी काकांच्या जागी भाचा आणला तर गेटवर त्याला आत सोडतील असं धरून चालू नका. लहान मुलांना कोणत्या वयापासून जागा धरावी लागते, हे बुकिंग करतानाच्या अटींत वाचून घ्या आणि मगच सहाची जुळणी करा.

गेटची निवड हा सहलीचा कणा. गाभा क्षेत्रात शिरायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी अशी गेटं आहेत, बफरची त्याहून जास्त आहेत. नकाशावर मोहर्ली आणि कोलारा एकाच जंगलाची दोन टोकं दिसतात, त्यामुळे लोक मोहर्लीला खोली घेतात आणि जागा होती म्हणून कोलाऱ्याची सकाळची सफारी काढतात. मधला रस्ता जंगलातून जातो, तो तुमच्या गाडीला खुला नाही. बाहेरून मोठा वळसा घालावा लागतो आणि त्यासाठी पहाटे तीनला उठावं लागतं. तेव्हा सफारी ज्या गेटची, मुक्काम त्याच गेटचा. फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावरचा. नागपूरहून उमरेड, भिसी, चिमूर या वाटेने कोलारा अडीच तासांत येतं. मोहर्लीला वरोरा-भद्रावतीच्या बाजूने किंवा चंद्रपूरहून जातात आणि नागपूरहून तीन तास तरी धरावे लागतात. रेल्वेने थेट चंद्रपूर किंवा बल्लारशाहला उतरणाऱ्यांना मोहर्ली सोयीचं, नागपूरला उतरणाऱ्यांना कोलारा.

गाभ्यातल्या जागा संपल्या असतील तर हिरमुसू नका. आगरझरी, मदनापूर, अलिझंजा, जुनोना या बफरच्या गेटांतूनही वाघ दिसतात. हद्दीची आखणी माणसांनी केली आहे, वाघांनी ती वाचलेली नाही. तीन सफारी असतील तर दोन गाभ्याच्या आणि एक बफरची अशी वाटणी चांगली. मोठ्या गटात एक भांडण ठरलेलं असतं, ते आधीच मिटवून टाका. तिन्ही जिप्सी एकाच गेटमधून शिरल्या तरी आत पांगतात. एकीला वाघीण बछड्यांसह दिसते, दुसरीला दिवसभर चितळं आणि सांबरं. जिप्सीतली माणसं प्रत्येक सफारीला बदलायची, हे निघण्यापूर्वीच सगळ्यांना सांगा. मात्र परवान्यावरचा गटही तसाच असायला हवा. म्हणजे प्रत्येक सफारीची सहा-सहा नावांची यादी बुकिंगच्या आधीच तयार पाहिजे.

बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. एजंटाकडून केलंत तर परवान्याची मूळ प्रत मागून घ्या आणि तारीख, गेट, वेळ स्वतः तपासा. अर्ज भरायला बसण्याआधी एका कागदावर प्रत्येकाचं ओळखपत्रावर आहे तसं पूर्ण नाव, वय, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक लिहून ठेवा. अर्ज उघडल्यावर ‘आत्याचा आधार नंबर पाठव’ असे निरोप धाडत बसलात, तर वेळ संपते आणि जागा दुसऱ्याला जाते. पैसे कापले गेले पण परवाना आला नाही, असंही घडतं. लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी खात्यात आणि बुकिंगच्या इतिहासात नोंद दिसते का ते पाहा.

परवान्याच्या छापील प्रती प्रत्येक जिप्सीमागे दोन काढा आणि प्रत्येक जिप्सीचा एक प्रमुख नेमा. परवाने आणि सहाही जणांची मूळ ओळखपत्रं त्याच्याकडे. अर्ज करताना जे ओळखपत्र दिलं तेच न्यायचं. आधारचा क्रमांक देऊन वाहन परवाना दाखवला की गेटवर वाद होतो. झेरॉक्सवर किंवा मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका, जंगलाच्या कडेला नेटवर्क आलं तर आलं. सकाळची सफारी उजाडताच सुरू होते, दुपारची अडीच-तीनच्या सुमारास. नेमकी वेळ महिन्यागणिक बदलते, म्हणून परवान्यावर छापलेली वेळच खरी. गेटवर अर्धा तास आधी पोहोचा. कागदपत्रांची तपासणी, जिप्सी आणि गाइड मिळणं यातच तो जातो.

मोबाइल गाभा क्षेत्रात नेता येत नाही. हे माहीत असूनही लोक फक्त मोबाइल घेऊन येतात आणि घरी परतताना एकही फोटो नसतो. गटात निदान दोन साधे कॅमेरे असू द्या, घरात पडलेला जुना डिजिटल कॅमेराही चालेल. लेन्सवाल्यांनी 100-400 मिमीची किंवा तत्सम एकच लेन्स लावून ठेवावी. आत धूळ एवढी असते की लेन्स बदलली की सेन्सरवर डाग पडलेच. जिप्सीत तिपाई उभी राहत नाही, तेव्हा कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरून ती दांडीवर ठेवा आणि तिच्यावर लेन्स टेकवा. दुर्बीण 8×42 ची पुरते. त्याहून जास्त पटीची हलत्या गाडीत डोळ्यांना त्रास देते. मोबाइल नाही म्हणजे घड्याळ नाही आणि औषधाचा गजरही नाही, हे मधुमेहाच्या माणसांनी विशेष लक्षात घ्यावं.

कपडे मातकट रंगांचे: खाकी, तपकिरी, मळका हिरवा. लाल, पांढरा, झगमगीत नको. अत्तर लावू नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या जिप्सीत वारा हाडांत शिरतो. शहरातल्या थंडीच्या अंदाजाने नेलेला एक स्वेटर तिथे पुरत नाही. सुती बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे आणि दोघांत एक जाड शाल. नऊ वाजेपर्यंत यातलं निम्मं उतरतं, म्हणून उतरलेले कपडे ठेवायला एक पिशवी हवी. उन्हाळ्यात उलटं: पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, डोक्या-तोंडाला बांधायला उपरणं किंवा ओढणी आणि माणशी किमान एक लिटर पाणी, स्टीलच्या बाटलीत. प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं आत नेऊच नका.

तब्येतीचं बोलायचं तर सगळ्यांत जास्त छळतो तो रस्ता. मागच्या बाकावर हिसके जास्त बसतात, तिथे तरण्यांनी बसावं. कंबरदुखीवाल्यांना आणि ज्येष्ठांना पुढचा बाक द्या, बसायला घडी केलेली चादर द्या. मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. आत गाडीतून कुठेही उतरता येत नाही, स्वच्छतागृहं ठरावीक ठिकाणीच असतात. पहाटे दोन कप चहा ढोसून निघालेल्याचं सगळं लक्ष मग वाघाकडे नसतं. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी. धुळीची ॲलर्जी असेल तर रोजचं औषध आणि इनहेलर खिशात, बॅगेत नको. बाकी पेटीत जलसंजीवनीची दहा पाकिटं, पोट बिघडल्याची औषधं, मलमपट्टी आणि तापाची गोळी एवढं पुरे.

जंगलाजवळच्या गावांत यूपीआय कधी चालतं, कधी नाही. गाइड आणि चालकाला खुशी द्यायला शंभर-दोनशेच्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवा. चार्जिंगसाठी प्रत्येक खोलीमागे एक एक्स्टेंशन बोर्ड घ्या, खोलीत एकच सॉकेट रिकामा असतो आणि तो नेमका पलंगामागे.

गाडी म्हणाल तर बारा-चौदा जणांना सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर योग्य, कारण सामान मागच्या सीटांवर बसतं. टपावर टाकलंत तर ताडपत्री बांधून घ्या. चालकाचं जेवण, त्याची झोपायची जागा, टोल आणि रोजची किलोमीटर मर्यादा भाडं ठरवतानाच लिहून घ्या. डिझेल उमरेड किंवा वरोऱ्याला भरा. अंधार पडल्यावर जंगलालगतच्या रस्त्यावर येऊ नका, रानडुकरं आणि चितळं अचानक आडवी येतात. मुंबई-नाशिकहून समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांनी निघण्याआधी टायर तपासावेत. सातशे किलोमीटर सलग वेगात जुने टायर तापून फुटतात. सरळ रस्त्यावर चालकाला डुलकीही लागते, म्हणून दर दोन तासांनी थांबा आणि दुसरा चालक असलेला बरा.

नागपूरचा एक दिवस गच्च भरू नका. सकाळी तर्री पोहे, मग दीक्षाभूमी. स्तूपात चपला बाहेर ठेवून शांतपणे जायचं असतं, दहा-बारा जणांचा गलका तिथे शोभत नाही. त्यानंतर अजब बंगल्याला दीड तास. मुलं असतील तर रामन विज्ञान केंद्राला दोन-अडीच तास द्या आणि आत शिरताच तारांगणाच्या खेळाची वेळ विचारा. शून्य मैलाचा दगड दहा मिनिटांचा थांबा आहे, मेट्रोचं स्थानक शेजारीच आहे. सीताबर्डी किल्ला लष्कराकडे आहे आणि एरवी बंद असतो, तो यादीतून काढा. गोरेवाड्याची सफारीही काढा, खऱ्या जंगलातून आल्यावर कुंपणातला वाघ बघण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. रामटेक पन्नास किलोमीटरवर आहे, त्याला अर्धा दिवस जातो, तो असेल तर विज्ञान केंद्र नाही. सीताबर्डीच्या बाजारात मोठी गाडी नेऊ नका, ती हॉटेलवर ठेवा आणि मेट्रोने जा.

सावजी जेवायचंच, पण शनिवारी दुपारी. पहाटेच्या सफारीच्या आदल्या रात्री किंवा रेल्वेत चढण्याआधी ते पोटात गेलं तर पुढचा प्रवास अवघड होतो. बारा जण असाल तर आधी फोन करून जागा सांगा आणि मुलांसाठी वेगळं काहीतरी मागवा, कमी तिखट सावजी म्हणजे तरीही तिखटच असतं.

खरेदी शेवटच्या संध्याकाळी करा. संत्रा बर्फी घेताना डब्यावरची तारीख पाहा, ती फार दिवस टिकत नाही. ताजी संत्री आंबिया बहाराची हिवाळ्यात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात. ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, खोक्यात कागद घालून भरा आणि खोक्याला भोकं पाडा. एक दबलेलं असलं की बुरशी बाकीच्यांना लागते, म्हणून भरताना प्रत्येक फळ हाताने चाचपून घ्या.