मॅन्युअल लेन्स घेऊन निघण्याआधी

महत्त्वाच्या शूटला ऑटोफोकस नसलेली लेन्स न्यायची असेल तर तयारीला निदान आठवडाभर आधी बसावं. आदल्या रात्री काही बिघाड सापडला तर हळहळण्याखेरीज हाती काही राहत नाही. आणि कॅमेरा हातात घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: माझा फोकस चुकतो तेव्हा दरवेळी एकाच बाजूला चुकतो, की कधी पुढे पडतो, कधी मागे? एकाच बाजूला जाणारी चूक यंत्राच्या जुळणीची किंवा सवयीची असते. ती दुरुस्त होते, नाहीतर निदान तिचा हिशेब धरता येतो. विखुरणारी चूक डोळ्याची, हाताची किंवा सैल झालेल्या भागाची असते. हे न ओळखता लेन्स दुरुस्तीला देणारे बरेच भेटतात, आणि चांगली जुळलेली लेन्स विनाकारण उघडली जाते.

मुळात आपण किती बारीक जागेत काम करतो, हे आकड्यांत पाहून ठेवावं. ५० मिमी लेन्स, ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) एफ १.४, माणूस एक मीटरवर. नेहमीच्या मोजमापाने शार्प दिसणारी खोली पुढे-मागे मिळून जेमतेम तीन सेंटिमीटर, आणि मोठ्या सेन्सरचं चित्र पडद्यावर शंभर टक्के उघडलं तर त्याहून कितीतरी कमी. कॅमेऱ्याच्या आत तर मामला आणखी नाजूक. लेन्स सेन्सरपासून ०.०२ मिमी सरकली, तर एक मीटरवरचा फोकस सुमारे ७ मिमी हलतो आणि दोन मीटरवरचा सुमारे ३० मिमी. फिल्म स्वतः थोडी वाकायची, तिच्या थराला जाडी असायची आणि छोट्या प्रिंटमध्ये बरंच झाकलं जायचं. सपाट सेन्सर काहीच झाकत नाही. म्हणून फिल्मवर वर्षानुवर्षं समाधान देणारी जोडी डिजिटल बॉडीवर अचानक ‘बिघडलेली’ वाटते.

कोणती लेन्स किती कडक परीक्षा घेणार, याचा एक सोपा अंदाज आहे. फोकल लेंथचा, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याचा, वर्ग करायचा आणि त्याला ॲपर्चरच्या आकड्याने भागायचं. अंतर तेच असेल तर उत्तर जितकं मोठं तितकी चुकीला जागा कमी. ३५ मिमी एफ २ ला साधारण ६१० येतात, ५० मिमी एफ १.४ ला १७९०, ९० मिमी एफ २ ला ४०५०, आणि १३५ मिमी एफ ४ ला ४५६०. म्हणजे साधीसुधी वाटणारी १३५ एफ ४ ही ५० मिमी एफ ०.९५ पेक्षाही हट्टी निघते. पिशवीत काय घ्यायचं हे ठरवताना मी आधी हा हिशेब करतो.

आता डोळा. तो यादीत शेवटी टाकला जातो, पण माझ्या मते विखुरलेल्या चुकांचं सर्वांत मोठं कारण तोच. लायका एम मालिकेच्या, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या, व्ह्यूफाइंडरची नजर साधारण उणे अर्धा डायॉप्टरला (चष्म्याच्या नंबराचं एकक) बांधलेली असते, त्यामुळे चष्मा काढून पाहणाऱ्याला वेगळी करेक्शन लेन्स लावावी लागते. मिररलेसमध्ये, म्हणजे सेन्सरवरचं चित्र थेट छोट्या पडद्यावर दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, डायॉप्टरचं चाक असतं. ते पिशवीतल्या पिशवीत फिरतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ते लावताना समोरच्या दृश्याकडे पाहू नये. पडद्यावरची अक्षरं आणि आकडे कडक दिसेपर्यंत फिरवावं, मग चालत असेल तर बारीक चिकटपट्टी लावून टाकावी. ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांनी चष्मा लावूनच पाहावं, कारण डायॉप्टरने तो दोष जात नाही. आणि नंबर तपासून बराच काळ लोटला असेल तर लेन्सच्या आधी डोळे तपासून घ्यावेत. हे मी अगदी मनापासून सांगतो. एका जुन्या ९० मिमी लेन्सला मी कितीतरी दिवस नावं ठेवत होतो, आणि नवा चष्मा आल्यावर ती पहिल्याच दिवशी सुधारली.

यानंतरचा अर्धा दिवस चाचणीसाठी राखून ठेवावा. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स पूर्ण उघडी, अंतर एक मीटर. समोर उभा, सपाट पुठ्ठा आणि त्यावर ठळक उभी रेघ. रेंजफाइंडर आडव्या दिशेने सरकलेली प्रतिमाच ओळखतो, त्यामुळे त्याला उभी कडा लागतेच. पुठ्ठ्याला लागून, त्याच्या पातळीवर शून्य येईल अशी एक मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवावी. मग दहा फोटो काढावेत, आणि प्रत्येकाआधी फोकस पूर्ण मोडून नव्याने जुळवावा. पाच वेळा अनंताकडून (फोकस रिंगच्या सर्वांत लांबच्या टोकाकडून) जवळ येत, पाच वेळा जवळून अनंताकडे जात. दहाही वेळा सर्वांत शार्प आकडा कोणता, ते वहीत लिहावं. पट्टी तिरकी असल्याने तिच्यावरचे १० मिमी म्हणजे प्रत्यक्ष खोलीत सुमारे ७ मिमी.

दहाही आकडे शून्याच्या एकाच बाजूला आणि एकमेकांजवळ आले, तर हात-डोळा ठीक आहे, जुळणी सरकलेली आहे. आकडे दोन्ही बाजूंना पसरले पण सरासरी शून्याजवळ राहिली, तर जुळणीला हात लावायचा नाही. डोळा, मॅग्निफायर (व्ह्यूफाइंडरवर लावायचं भिंग) आणि सराव यांकडे वळायचं. आणि अनंताकडून आलेले पाच एका गटात, जवळून आलेले पाच दुसऱ्या गटात पडले, तर लेन्सच्या फोकस रिंगमध्ये ढिलाई आहे किंवा पॅच (रेंजफाइंडरच्या मधोमध दिसणारी दुसरी प्रतिमा) जुळताक्षणी थांबायची आपली सवय दोन्ही दिशांनी सारखी नाही. यावर साधा उपाय चालतो: एकच दिशा ठरवायची आणि शूटभर नेहमी त्याच दिशेने फोकसवर यायचं.

चूक एकाच बाजूची निघाली तर दोष कुणाचा, हे अदलाबदलीने कळतं. त्याच बॉडीवर सगळ्या लेन्स सारख्याच दिशेने चुकत असतील तर बॉडी. एकच लेन्स चुकत असेल तर ती लेन्स. याहून चांगली फोड हवी असेल तर रेंजफाइंडरची लेन्स ॲडॅप्टर लावून मिररलेसवर चढवावी. तिथे फोकस थेट सेन्सरवरच्या प्रतिमेवरून होतो, मधली यंत्रणा नसतेच. तिथे स्वच्छ आणि रेंजफाइंडरवर चुकीची, असं दिसलं तर काचेला दोष देऊ नये. रेंजफाइंडर लेन्समधून पाहतच नाही. लेन्सच्या मागची कडा बॉडीतल्या छोट्या चाकाला ढकलते, ते चाक पॅच हलवतं आणि आपण दोन प्रतिमा एकमेकांवर आणतो. या साखळीतली कुठलीही कडी सरकू शकते.

रेंजफाइंडरवाल्यांनी अनंत तपासणं ही वेगळी पायरी धरावी. लेन्स अनंताच्या टोकाला नेऊन एखाद्या किलोमीटरभर लांबच्या मनोऱ्याच्या कडेवर किंवा रात्री चंद्रावर पॅच पाहावा. दोन्ही प्रतिमा तंतोतंत बसल्या पाहिजेत. एकमेकींच्या वर-खाली सरकलेल्या दिसल्या तर तो उभा दोष. त्याने अंतराचं मोजमाप फारसं बिघडत नाही, पण जुळणी ओळखणं कठीण होतं. जुळणीचा स्क्रू स्वतः फिरवायचा मोह होईल. तो आवरावा. अनंत जुळवताना जवळचं अंतर हलतं आणि जवळचं जुळवताना अनंत, आणि हा ताळमेळ जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावा.

बॉडीची स्वतःची मर्यादाही ठाऊक हवी. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन, हा त्याचा खरा पाया; तो जितका मोठा तितका फोकस अचूक. १९५४ च्या लायका एम३ मध्ये तो ६२-६३ मिमीच्या आसपास होता, कारण मॅग्निफिकेशन ०.९१ होतं. पुढच्या ०.७२ च्या बॉडींमध्ये तो ५० मिमीच्या जवळ आला. म्हणून ७५, ९० किंवा १३५ न्यायची असेल तर १.२५ किंवा १.४ पटीचा मॅग्निफायर पिशवीत असावाच. २८ किंवा ३५ साठी त्याची गरज नाही, उलट फ्रेमच्या रेषा दिसेनाशा होतात.

काही लेन्समध्ये आणखी एक गुण असतो, तो आधी न कळल्यास फार छळतो. ॲपर्चर बंद करत गेलं की सर्वांत शार्प पातळी स्वतःच सरकते, बहुधा मागे. कारण गोलीय विपथन: काचेच्या कडेतून आणि मधल्या भागातून येणारी किरणं एकाच ठिकाणी जुळत नाहीत, आणि ॲपर्चरने कडेची किरणं अडवली की तोल बदलतो. झाइसची ५० मिमी सी सोनार एफ १.५ याबद्दल प्रसिद्ध आहे. अशी लेन्स बिघडलेली नसते; ती एकाच ॲपर्चरला नेमकी जुळवता येते, इतकंच. वरची मोजपट्टीची चाचणी म्हणून एफ २, २.८, ४ आणि ५.६ वरही करावी. कोणत्या ॲपर्चरला फोकस किती मागे जातो हे एका चिठ्ठीवर लिहून लेन्सच्या झाकणात ठेवावं. शूटला पॅच जुळल्यावर तेवढंच मागे झुकायचं. यंत्राने द्यायला हवी ती अचूकता इथे आपण शरीराने देतो, आणि मला त्यात खरोखर आनंद वाटतो.

मिररलेसवर हा प्रश्न सोपा सुटतो, कारण जुन्या लेन्सचं ॲपर्चर हाताने बंद केलं की व्ह्यूफाइंडरमध्येही तसंच दिसतं. एफ ४ पर्यंत ज्या ॲपर्चरवर फोटो काढायचा त्याच ॲपर्चरवर फोकस करावा. त्यापुढे पडद्यावर सगळंच बऱ्यापैकी शार्प दिसू लागतं आणि नेमका बिंदू हरवतो. मग थोडं उघडून फोकस करून परत बंद करणं बरं, अर्थात लेन्स सरकणारी नाही हे तपासलेलं असेल तरच. मॅग्निफाय (चित्राचा भाग मोठा करून पाहायची सोय) एका बटणावर आणून ठेवा, अंगठा न शोधता पोचेल अशा. आणि मोठी केलेली चौकट फ्रेमच्या मधोमध न ठेवता समोरच्या माणसाच्या डोळ्यावर नेऊन ठेवा, कारण बऱ्याच लेन्सची शार्प पातळी सपाट नसून वाकलेली असते.

पीकिंगवर, म्हणजे शार्प कडा पडद्यावर रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर, माझा फार विश्वास नाही. ते कॉन्ट्रास्ट असलेली कडा रंगवतं, फोकस मोजत नाही. कडक उजेडातली पापणी आणि भुवई दोन्ही एकदमच चमकतात, आणि जुनी मऊ लेन्स पूर्ण उघडी असताना काहीच चमकत नाही. वापरायचंच तर संवेदनशीलता सर्वांत कमी ठेवावी आणि जवळपास पोचण्यापुरतं वापरावं. शेवटचा निर्णय मॅग्निफायमध्ये.

ॲडॅप्टर लावून तो हलतो का पाहावं. मिररलेसवर त्याची जाडी किंचित चुकली तरी फोकस चुकत नाही. फक्त अंतराची पट्टी खोटी बोलते आणि लेन्स अनंताच्या पुढे जाते किंवा तिथवर पोचत नाही. पण तो एका बाजूला तिरका असेल तर फ्रेमची एक कड कायम मऊ राहते. स्क्रू माउंटची लेन्स रेंजफाइंडरवर लावताना मात्र जाडीच सर्वस्व आहे: माउंटपासून सेन्सरपर्यंत २८.८ मिमी अंतर लागणारी लेन्स २७.८ मिमीच्या एम माउंटवर बसवणारी कडी बरोबर एक मिलिमीटरची हवी. मिररलेसला अशी लेन्स ओळखू येत नाही, म्हणून मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू आहे ना आणि हादरे आवरणाऱ्या स्टॅबिलायझरला फोकल लेंथ सांगितली आहे ना, तेही पाहून घ्यावं.

फोकस करून फ्रेम फिरवायची सवय असेल तर तिचाही हिशेब करून ठेवा. एक मीटरवरच्या डोळ्यावर फोकस करून कॅमेरा १५ अंश फिरवला, तर शार्प पातळी डोळ्याच्या सुमारे साडेतीन सेंटिमीटर मागे जाते. ५० मिमी एफ १.४ ची सगळी खोली तिथेच संपते. दहा अंशांत दीड सेंटिमीटर. म्हणजे ही चूक नेहमी मागेच पडते, आणि ‘लेन्स बॅक-फोकस करते’ या तक्रारींपैकी कितीतरी इथून उगवतात. मिररलेसवर चौकट हलवता येते, रेंजफाइंडरवर किंचित मागे झुकायचं किंवा ॲपर्चर २.८ ला न्यायचं.

शेवटचे दोन-तीन दिवस घरातल्या कुणालातरी समोर बसवून सराव करावा. बसलेला माणूसही श्वासागणिक हलतो, आणि आपणही. पॅच जुळल्यापासून शटर दाबेपर्यंतचा वेळ कमी करणं हाच सराव. लांबून चालत येणाऱ्या माणसांसाठी ३५ मिमी एफ ८ वर पाच मीटरला लावली तर अडीच मीटरपासून पुढे सगळं चालतं, असं लेन्सवरच्या खुणा सांगतात; पण त्या खुणा छोट्या प्रिंटच्या हिशेबाने कोरलेल्या आहेत. मी एफ ८ वर असलो तर एफ ४ च्या खुणा वाचतो.

निघताना रेंजफाइंडरच्या दोन्ही खिडक्या मऊ कापडाने पुसाव्यात, हूड त्यांना झाकत नाही ना पाहावं, जास्तीची बॅटरी घ्यावी. तिथे पोचल्यावर, कुणी समोर यायच्या आधी, एखाद्या खुर्चीच्या कडेवर पूर्ण उघड्या लेन्सने तीन फोटो काढून मोठे करून पाहावेत. ते वहीतल्या आकड्यांशी जुळले की लेन्सचं झाकण खिशात टाकावं.