१२ व्होल्टच्या बल्बचे वॅट २४० येत होते, ते असे सुटले

बल्बवर छापलंय १२ व्होल्ट, २१ वॅट. सुटा बल्ब मल्टिमीटरने मोजला तर रोध ०.६ ओहम. व्होल्टचा वर्ग भागिले रोध, म्हणजे १४४ ÷ ०.६ = २४० वॅट! मीटरचा सेल बदलला, दुसरा बल्ब लावला, प्रोब (मीटरच्या मोजायच्या वायरी) एकमेकांना टेकवून त्यांचा रोधही वजा केला. फरक शून्य. दोन संध्याकाळी पाण्यात.

गोची मीटरची नव्हतीच. टंगस्टनची तार पेटली की तिचा रोध थंड असतानाच्या साधारण दहापट किंवा त्याहून जास्त होतो, आणि मी मोजत होतो थंड तार.

मग असं केलं. बल्ब बॅटरीला जोडून पेटवला, मिनिटभर तसाच ठेवला. पेटलेल्या बल्बच्याच दोन टोकांवर व्होल्टेज घेतलं: ११.९. (नुसत्या बॅटरीवर १२.६ दिसत होतं, ते धरायचं नाही.) बल्ब बंद केला. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात, चकती डीसी अँपिअरवर, एक वायर सोडवून मीटर सिरीजमध्ये, म्हणजे बल्बचा सगळा प्रवाह मीटरमधूनच जाईल असा. पुन्हा पेटवला. पहिल्या क्षणी आकडा उसळतो, तो सोडून द्या, स्थिरावला १.७३ अँपिअरवर.

रोध = ११.९ ÷ १.७३ = ६.८८ ओहम
शक्ती = ११.९ × १.७३ = २०.६ वॅट

मोजून झालं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत. मी विसरलो, तसेच प्रोब बॅटरीला लावले आणि मीटरचा फ्यूज उडवला.